मैद्याचं पार्सल थांबव

प्रिय मुली,

काल रात्री तू पाठवलेला फोटो मी मोठा करकरून पाहिला. नानकटाई पसरून एकमेकींना चिकटलेली, कडा करपलेल्या, मधे तेलकट डाग. खाली तुझं एकच वाक्य: "काकू, इथला मैदा बरोबर नाही, आईला कोल्हापुरातून पाठवायला सांगितलाय." फोन केला असता तर मी ओरडले असते, म्हणून लिहायला बसले.

मैद्याचा काही दोष नाही. तिथे जर्मनीत दुकानात ज्या पुडक्यावर ४०५ आकडा असतो, तो आपला मैदाच समज. १०० ग्रॅम पीठ जाळल्यावर साधारण तेवढे मिलिग्रॅम राख उरते, म्हणून तो आकडा. आकडा जितका मोठा, तितका कोंडा जास्त. ५५० पावाला चांगलं, १०५० नानकटाईला नको.

घोटाळा बटरचा आहे. आईच्या कृतीत तूप होतं, तू तेवढ्याच वजनाचं बटर घातलंस, तेही पातळ करून. तिथल्या बटरमध्ये ८२ टक्के स्निग्धांश असतो आणि १६ टक्क्यांच्या आसपास पाणी. म्हणजे २५० ग्रॅम बटरबरोबर तू ४० ग्रॅम पाणी पिठात ओतलंस. मग खुसखुशीत कशी होणार?

बाळा, आईला तू विचारलंस, तूप किती? रवा किती? मीही आयुष्यभर हेच विचारत आले. 'कशाला' हा प्रश्न कधी विचारलाच नाही. तूप कशाला? रवा कशाला? एवढं कळलं की जगात कुठेही नानकटाई होते.

यांच्या नोकरीमुळे १९९८ साली आम्हीही जर्मनीत, श्टुटगार्टला गेलो. पहिली दोन वर्षं मी ओव्हन उघडलासुद्धा नाही. माझी आई फोनवर विचारायची, दिवाळीला काय केलंस गं? मी म्हणायचे, इथे काही मिळत नाही. सगळं मिळत होतं. मी डालड्याचा डबा शोधत होते आणि तुपाची बरणी समोरच्या फळीवर होती. बटरश्माल्त्स म्हणतात त्याला. बटरमधलं पाणी काढून टाकलं की उरतं ते, म्हणजे आपलं तूपच. तिसऱ्या दिवाळीआधी आई गेली. तिची कृती माझ्याकडे आहे, वाटीच्या मापासकट. त्यात रवा का आहे, ते विचारायचं राहिलं. मला वाटतं रवाळपणासाठी. पण वाटतं म्हणजे माहीत आहे असं नव्हे.

आमच्या लहानपणी दिवाळीआधी नानकटाई बेकरीत भाजून आणायचो. घरून रवा, मैदा, तूप, पिठीसाखर घेऊन जायचं, डब्यावर नावाची चिठ्ठी लावायची आणि भट्टीपाशी ताटकळत बसायचं. भट्टीवरचे मामा तूपसाखर तळहाताच्या टाचेनं परातीत फेसत. पांढरंशुभ्र झालं की त्याचा एक थेंब पाण्यात टाकत. तरंगला तरच मैदा घालत, बुडाला तर पुन्हा फेसत. तो थेंब तरंगतो तो आत कोंडलेल्या हवेनं. म्हणून तूप थिजलेलंच हवं. पातळ तुपात हवा धरत नाही. आता कळलं, तूप कशाला?

माझ्या क्लासला येणाऱ्या बायका कुरकुरतात की काकू पहिला अर्धा तास फेसण्यातच घालवतात. दोन तासांत पाच पदार्थ हवे असतात त्यांना. मी घालवते आणि घालवणार. पाच कृती घेऊन घरी गेलेली बाई एक जिन्नस कमी पडला की मला फोन करते, हे मी वीस वर्षं पाहतेय. एवढं बोलून तोडलेली माणसंही आहेत, पण त्याबद्दल मला माफी मागावीशी वाटत नाही.

बाकीचं पटकन सांगते. खायचा सोडा म्हणजे तिथे नात्रोन. बाकपुल्वर म्हणजे बेकिंग पावडर, तिची एक पुडी ५०० ग्रॅम पिठाला असते, सगळी ओतू नकोस. पिठीसाखर म्हणजे पुडरत्सुकर. बेसन हरभऱ्याच्या डाळीचंच पाहिजे असा हट्ट नको, काबुली चण्याचं पीठ मिळतं ते मंद आचेवर कोरडं भाजून घे. ओव्हन पंख्यावर लावलास तर आच २० अंशांनी कमी ठेव. कडा बहुतेक त्यानंच करपल्या. आणि आईला तूप पाठवू देऊ नकोस. दुधाचे पदार्थ असे घरगुती पार्सलनं भारतातून युरोपात नेता येत नाहीत, तिकडे जप्त होतील.

रागावले असं वाटेल. रागावलेच आहे थोडी. चार महिन्यांत तू तिथे एकटीनं घर लावलंस, भाषा शिकतेस, आणि पिठाच्या पुडक्यापुढे हात टेकतेस?

शनिवारी पुन्हा कर. आधी पाव किलोचंच. गोळे तबकात ठेवून अर्धा तास फ्रिजमध्ये टाक आणि मगच भाज. त्याआधी आईला फोन लाव, पार्सल थांबव म्हणावं, आणि तुमच्या घरी नानकटाईत रवा कशाला घालतात ते विचार. काय म्हणाली ते मला लगेच कळव.

तुझी,
काकू