'गरिबी वाढली की दंगली होतात' हे गृहीतक घेऊन लघुप्रबंध करता येईल का?

तुमचा प्रश्न मला कळला तो असा: एम. ए. समाजशास्त्राचं दुसरं वर्ष, विषय 'आर्थिक मागासलेपण आणि धार्मिक तणाव', गृहीतक लिहून झालंय, आणि गाईड म्हणतात आधी सच्चर अहवाल (मुस्लिमांच्या सामाजिक-आर्थिक स्थितीवरचा केंद्राच्या समितीचा) वाच. पुढे काय वाचू आणि फिल्डवर्कला कुठे जाऊ?

आधी ते गृहीतक खोडा. चुकीचं आहे म्हणून नाही, तर त्याने तुमचं उत्तर आधीच ठरवून टाकलंय म्हणून. गरिबी हेच कारण असतं तर मेळघाटात आणि नंदुरबारमध्ये सगळ्यात जास्त दंगली झाल्या असत्या. झाल्या भिवंडीत, मालेगावात, मुंबईत. म्हणजे जिथे पैसा फिरत होता तिथे.

आता माझी एक फजिती सांगते, कारण तुमच्या कामाशी तिचा थेट संबंध आहे. मी सोलापूरची, मागाच्या खडखडाटात वाढलेली. त्यामुळे एका संस्थेच्या पाहणीसाठी भिवंडीत फॉर्म भरायला माणसं हवी होती तेव्हा 'मला यंत्रमागातलं कळतं' असं सांगून मी गेले. फॉर्ममध्ये एक रकाना होता: बचत गट, भिशी किंवा पतसंस्थेचे सभासद आहात का? शांतीनगरमधल्या एका कारीगराला मी विचारलं, "भिशी में हो?" तो म्हणाला, "हां, रोज. दोनों टाइम." मला जरा विचित्र वाटलं, पण टिक केली. पुढचे लोकही तसंच म्हणाले. आठवड्याभरात चाळीसेक फॉर्मांवर टिक पडली. आमचे साहेब खूश, म्हणाले कामगारांमध्ये बचतीची सवय चांगली दिसते!

मग एकाने मला नेऊनच दाखवलं. भिवंडीत भिसी म्हणजे खाणावळ. लांबट खोली, जमिनीवर दोन रांगा, स्टीलच्या थाळ्या, जाड रोट्या, डाळ, एखादी भाजी. चालवणारी बाई दाराजवळ एक वही घेऊन बसलेली. त्या वहीत प्रत्येकाच्या नावापुढे रेघा. पगार झाला की हिशेब. म्हणजे आमच्या अहवालात जे बचत करणारे सभासद होते, ते सगळे उधारीवर जेवणारे होते. बचतीच्या बरोबर उलट. तो रकाना आम्ही नंतर रद्द केला, पण मी त्या वहीपाशी अडकले ती अडकलेच. बाई म्हणाली की मंदीत कारखाना बंद पडला तरी ती पंधरा-वीस दिवस जेवू घालते, कारण गावाहून परत येणारा माणूस पैसे बुडवत नाही. सामाजिक सुरक्षा म्हणून आपण जे शिकवतो, ते तिथे त्या वहीत होतं. आणि दुसरी गोष्ट, जी कुठल्याच रकान्यात नव्हती: मी पाहिलेल्या भिसींमध्ये लोक जिल्ह्याप्रमाणे आणि धर्माप्रमाणे वेगळे जेवत होते. आझमगडचे मोमीन (मुस्लिम विणकर) एकीकडे, त्याच भागातले हिंदू कारीगर दुसरीकडे, तेलुगू पद्मशाली विणकर तर आपापल्या घरी. काम मात्र सगळ्यांचं एकाच छताखाली, शेजारच्या मागावर, बारा-बारा तास.

हे डोक्यात ठेवून आता वाचनाकडे या.

अर्थशास्त्रातला एक निबंध तुमचं गृहीतक जवळजवळ उलटं करतो. अनिर्बन मित्रा आणि देबराज रे यांनी 2014 मध्ये राष्ट्रीय नमुना पाहणीतले कुटुंबांच्या खर्चाचे आकडे आणि दंगलींची नोंद एकमेकांशी ताडून पाहिली. निष्कर्ष असा की मुस्लिम कुटुंबांचा दरडोई खर्च वाढल्यानंतरच्या काळात हिंसाचार वाढतो. हिंदू कुटुंबांचा खर्च वाढल्याने तसा तो वाढत नाही. म्हणजे गरीब आहेत म्हणून भडका नाही, तर कुणीतरी वर येताना दिसलं म्हणून. त्याआधी 2010 मध्ये बोल्केन आणि सर्जेंटी यांनी राज्यांच्या विकासदराकडे पाहून म्हटलं होतं की दर वाढला की दंगली घटतात. ही दोन विधानं एकमेकांना छेद देत नाहीत, पण विद्यार्थी इथे हमखास गोंधळतात. बोल्केन-सर्जेंटी यांचं सगळ्यांच्या चढउताराबद्दल आहे, मित्रा-रे यांचं एकाच्या तुलनेत दुसऱ्याच्या. तुमच्या शीर्षकातल्या 'आर्थिक मागासलेपण' या शब्दात हा फरक बुडून जातो.

मग राज्यशास्त्रज्ञ आशुतोष वार्ष्णेय. 2002 चं त्यांचं काम सहा शहरांवर आहे: अलिगढ-कालिकत, हैदराबाद-लखनौ, अहमदाबाद-सुरत अशा जोड्या. मुद्दा असा की रोजचं 'काय भाई, कसं काय' गावात पुरतं, शहरात पुरत नाही. शहरात व्यापारी संघटना, कामगार युनियन, क्लब, पक्ष यांत दोन्ही धर्मांचे लोक एकत्र असतील तर अफवा थांबवायला कुणीतरी असतं. त्यावर दोन मोठे आक्षेप आहेत आणि दोन्ही वाचलेच पाहिजेत. पॉल ब्रास म्हणतात दंगल 'होत' नाही, ती घडवणारी माणसं आणि यंत्रणा त्या शहरात कायम तयार असते. स्टीव्हन विल्किन्सन (2004) म्हणतात पोलीस सरकारचे, आणि सरकारला अल्पसंख्याकांच्या मतांची गरज असेल तिथे दंगल थांबवली जाते. माझं मत विचाराल तर मी विल्किन्सनच्या बाजूला झुकते, पण भिवंडीने मला तिथेही पूर्ण झुकू दिलं नाही.

कारण भिवंडीचा हिशेब कुठल्याच सिद्धांतात नीट बसत नाही. 7 मे 1970 ला शिवजयंतीच्या मिरवणुकीवरून तिथे मोठी दंगल झाली. लोण जळगाव आणि महाडपर्यंत गेलं, न्या. मादन यांचा आयोग बसला. 1984 च्या मे महिन्यात पुन्हा, कल्याण-ठाणे-मुंबईसह. या दोन्ही वेळी धंद्यातलं परस्परावलंबन पुरेपूर होतं. सूत विकणारा आणि कापड उचलणारा बहुधा गुजराती किंवा मारवाडी, मागवाला बहुधा मोमीन, कारीगर उत्तर प्रदेशातला, हिंदूही आणि मुसलमानही. कुणाचंच कुणावाचून चालत नव्हतं, तरी घरं जळली. सौमित्र झा यांनी दाखवलंय की मध्ययुगातल्या बंदरांच्या गावांत, जिथे मुस्लिम व्यापाऱ्यांकडे असं काम होतं जे दुसऱ्याला सहज करता येत नव्हतं, तिथे शतकांनंतरही दंगली कमी होतात. छान निबंध आहे. पण कल्याण हेही जुनं बंदरच की! सरासरी म्हणजे सरासरी. आपल्या गावाला ती लागू होईलच असं नाही.

मग 1992-93 ला काय झालं? मुंबईत श्रीकृष्ण आयोगाच्या मोजणीनुसार 900 माणसं गेली. शेजारची, दोनदा होरपळलेली भिवंडी शांत राहिली. 1988 पासून तिथे पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी मोहल्ला कमिट्या बांधल्या होत्या. लोक याचं वर्णन 'शांतता समिती' असं करतात, ते साफ चुकीचं आहे. शांतता समिती सणाच्या आधी बसते, चहा-बिस्किटं होतात, फोटो निघतो. या कमिट्यांत दोन्ही धर्मांची साधी माणसं होती आणि बैठकीत विषय निघायचे नळाचे, गटाराचे, घरातल्या भांडणांचे. हवालदार-फौजदार तिथे नियमित जायचे. म्हणजे डिसेंबर 1992 उजाडला तेव्हा ही माणसं एकमेकांना आधीच चार वर्षं ओळखत होती, आणि पोलिसांना गल्लीतलं कोण कसं हे माहीत होतं. एका वयस्कर मागवाल्याला मी विचारलं, तुम्ही कमिटीत कशाला गेलात? सलोखा वगैरे तो काही बोलला नाही. "बीट का साहब नाम से पहचानने लगा, धंधे में काम आता है," एवढंच म्हणाला.

यात वार्ष्णेय आहेत (नागरी जाळं), विल्किन्सनही आहेत (पोलीस), पण जाळं समाजातून उगवलेलं नव्हतं, एका सरकारी अधिकाऱ्याने विणलेलं होतं. आणि अधिकारी बदलतात. जुलै 2006 मध्ये त्याच भिवंडीत पोलीस ठाण्याच्या जागेवरून जमाव आणि पोलीस यांच्यात हिंसाचार झाला, दोन्हीकडची माणसं गेली. तेव्हा त्या जाळ्याचं काय उरलं होतं, हा खरा लघुप्रबंधाचा प्रश्न आहे. कुणी घेतला तर मला वाचायला आवडेल.

आता सच्चर. गाईडचं बरोबर आहे, वाचाच, पण वर्तमानपत्रात येतो तसा नको. मार्च 2005 मध्ये समिती नेमली, नोव्हेंबर 2006 मध्ये अहवाल आला. सगळे तेवढं प्रशासकीय सेवेतलं मुस्लिमांचं 3 टक्के प्रमाण उचलतात. तुमच्यासाठी त्याहून मोलाच्या तीन गोष्टी आहेत. काम करणाऱ्या मुस्लिमांपैकी 61 टक्के स्वयंरोजगारात, हिंदूंमध्ये 55. म्हणजे नोकरीच्या आरक्षणाइतकाच बँकेच्या कर्जाचा प्रश्न मोठा. शाळेच्या वयाच्या मुस्लिम मुलांपैकी मदरशात जाणारी साधारण 3 टक्के. तरी धोरणाची अर्धी चर्चा मदरशावर. आणि मुस्लिमांतले 40.7 टक्के लोक इतर मागासवर्गीय, म्हणजे 'मुस्लिम' हा एकच गठ्ठा नाही. अन्सारी, बागवान, तांबोळी, पिंजारी, अत्तार यांचे प्रश्न एका रकान्यात मावत नाहीत. महाराष्ट्रात मुस्लिम ओबीसींची चळवळ नव्वदच्या दशकात उभी राहिली ती यावरच. आणि तरी भिवंडीतल्या अन्सारी कारीगराच्या मुलाला ओबीसी सवलतींचा फायदा बहुतेक वेळा होत नाही, कारण बापाची कागदपत्रं उत्तर प्रदेशातल्या मऊची.

अहवालानंतर काय झालं? 2008-09 पासून देशातल्या 90 अल्पसंख्याकबहुल जिल्ह्यांसाठी विकास कार्यक्रम आला. त्यात महाराष्ट्रातले परभणी, हिंगोली, बुलढाणा, वाशिम. पैसा जिल्ह्याला मिळाला. पण जिल्हा म्हणजे वस्ती नव्हे. इंदिरा आवासची घरं आणि अंगणवाड्या मुस्लिम वस्तीपासून लांबच्या गावांत झाल्या तरी कागदावर उद्दिष्ट पूर्ण. ही टीका इतकी झाली की पुढे जिल्ह्याऐवजी तालुका-गट आणि शहर हे एकक धरलं गेलं. सामाजिक धोरणाचा अभ्यास म्हणजे बऱ्याचदा हाच एककाचा अभ्यास असतो. योजनेची उद्दिष्टं वाचून काही कळत नाही. राज्याने मुस्लिमांच्या स्थितीवर मेहमूद-उर-रहमान समिती नेमली, 2013 ला तिचा अहवाल आला, 2014 ला मुस्लिमांसाठी 5 टक्के आरक्षणाचा अध्यादेश निघाला. उच्च न्यायालयाने शिक्षणापुरतं ते अडवलं नव्हतं, तरी अध्यादेशाचा कायदा झाला नाही आणि तो संपला. 2022 मध्ये केंद्राने पहिली ते आठवीची अल्पसंख्याक शिष्यवृत्ती आणि मौलाना आझाद फेलोशिप दोन्ही बंद केल्या. आणि 2021 ची जनगणना वेळेत झालीच नाही, त्यामुळे तुम्ही लोकसंख्येचा जो आकडा द्याल तो 2011 चा असेल, हे प्रस्तावनेतच लिहून टाका.

भिवंडीच्या मागवाल्याला विचाराल तर तो यातलं काहीच बोलणार नाही. तो सुताच्या भावाबद्दल आणि विजेच्या बिलाबद्दल बोलेल. सूत वस्त्रोद्योग खात्याकडे, वीज ऊर्जा खात्याकडे (आणि जानेवारी 2007 पासून तिथलं वाटप टोरेंट पॉवरकडे), तो स्वतः मात्र अल्पसंख्याक विकास विभागाच्या फाईलमध्ये. त्याचा धंदा एका खात्यात आणि धर्म दुसऱ्या खात्यात, अशी वाटणी झाली की दोन्हीकडचे अधिकारी प्रामाणिकपणे सांगतात, हे आमच्याकडे येत नाही.

म्हणून माझा सल्ला: राज्य घेऊ नका, जिल्हाही नको. एक गल्ली आणि एक धंदा घ्या. भिवंडीच हवं असं नाही. मालेगावचे माग, मिरजेत सतार-तंबोरे करणारी घरं, तुमच्या गावचा भाजीबाजार, काहीही चालेल. कच्चा माल कोण देतं, उचल कोण देतं, उधारी कोण लिहून ठेवतं, तंटा झाला तर आधी कुणाकडे जातात, आणि या साखळीत धर्म कुठे बदलतो, एवढं पंचवीस-तीस माणसांकडून नीट काढा. गाईड नमुन्याच्या आकारावरून कटकट करतील. त्यांना सांगा की तीनशे फॉर्मांत चाळीस खोट्या भिश्या सापडल्याचं उदाहरण आहे. माझं नाव नका सांगू.

भिवंडीला गेलातच तर फॉर्म पहिले दोन दिवस पिशवीत राहू द्या. पाळी बदलते त्या वेळी भिसीपाशी थांबा, मागावर असताना कुणी बोलत नाही, आवाजात ऐकूही येत नाही. हिंदी मोडकी असली तरी चालते, तेलुगू येत असेल तर उत्तमच. आणि तिथे जेवायचं असेल तर सकाळीच सांगून ठेवा. डाळ माणसं मोजून टाकतात.