वाचकांचे प्रश्न : अंधार पडताना येणारा ‘पींट’

प्रश्न : आम्ही मिशिगनमध्ये राहतो. एप्रिल सुरू झाल्यापासून घरामागच्या मोकळ्या रानातून तिन्हीसांजेनंतर ‘पींट, पींट’ असा नाकातून काढल्यासारखा आवाज येतो. मध्येच तो थांबतो आणि डोक्यावर उंच कुठेतरी किलबिल सुरू होते. हे दोन निरनिराळे पक्षी आहेत का? जवळून पाहायचे असल्यास काय करावे?

उत्तर : पक्षी एकच आहे. तो अमेरिकन वुडकॉक या लांब चोचीच्या, जमिनीवर वावरणाऱ्या पक्ष्याचा नर असून मादीला आकर्षित करण्यासाठी त्याचा हा खटाटोप चाललेला असतो. जमिनीवर उभे राहून तो थोड्या थोड्या वेळाने ‘पींट’ करतो आणि दोन हाकांच्या मध्ये तोंडाची दिशा बदलतो, त्यामुळे एकाच जागी असूनही तो कधी जवळ, तर कधी दूर असल्याचा भास होतो. मग झेप घेऊन, गिरक्या घेत तो सुमारे ७० ते १०० मीटर उंच जातो. चढताना ऐकू येणारी किणकिण गळ्यातली नसते. प्रत्येक पंखाच्या टोकाशी असलेल्या तीन अरुंद पिसांमधून वेगाने जाणाऱ्या हवेमुळे ती निर्माण होते. गळ्यातली किलबिल सुरू होते ती नागमोडी खाली येताना, आणि शेवटचे काही मीटर मात्र तो आवाज न करता उतरून बहुधा पहिल्याच जागेजवळ बसतो. हे सारे साधारण मिनिटभरात आटोपते.

नाइटहॉक नावाचा पक्षीही असाच ओरडतो, परंतु तो उडता उडता ओरडतो आणि उत्तरेकडे बहुतेक मे महिन्यात पोहोचतो. एप्रिलच्या आरंभी जमिनीवरून येणारा आवाज त्याचा नव्हे.

आता पाहण्याविषयी. आकाश निरभ्र असेल तर सूर्यास्तानंतर साधारण २२ मिनिटांनी आणि दाट ढग असतील तर १५ मिनिटांनी कान देऊन उभे राहावे. अमेरिका व कॅनडात १९६८पासून दर वसंतात होणाऱ्या वुडकॉक-गणनेतही हीच वेळ पाळतात आणि प्रत्येक थांब्यावर दोन मिनिटे ऐकून हाका देणारे नर मोजतात. आपण पूर्वेच्या बाजूला उभे राहिलात, तर पश्चिमेच्या उरल्यासुरल्या उजेडावर उडणाऱ्या पक्ष्याची आकृती स्पष्ट उठून दिसते. जवळ सरकायचे झाल्यास पक्षी वर असतानाच चार पावले टाकावीत आणि किलबिल ऐकू येताच खाली बसून स्तब्ध राहावे. त्याचे डोळे डोक्यावर इतके मागे व वर असतात की त्याला पाठीमागचेही दिसते, तेव्हा मागून गेल्याने काही साधत नाही. अंतर नीट साधले, तर दोन हाकांच्या मध्ये उचकीसारखा एक हलका आवाजही कानी पडतो, आणि माझ्या मते छायाचित्रापेक्षा तोच अधिक मोलाचा आहे.

टॉर्च व फ्लॅश वापरू नयेत, ध्वनिमुद्रित हाक वाजवून पक्ष्याला फसवू नये. ऐन मोकळ्या जागेत न शिरता कडेलाच थांबावे. मादीचे घरटे म्हणजे जमिनीवरच्या पाचोळ्यातला एक उथळ खळगा असतो. त्यात बहुधा चार अंडी असतात आणि ते याच जागेच्या आसपास असू शकते, म्हणून जाताना पायाखाली पाहावे आणि कुत्रा बरोबर असल्यास त्याला साखळीला बांधूनच न्यावे. संध्याकाळी जमले नाही, तरी हाच कार्यक्रम पहाटे सूर्योदयापूर्वी पुन्हा होतो.