बंगल्यासमोर गुलमोहर की ताम्हण?

प्रश्न : नाशिकमध्ये अडीच गुंठ्यांच्या प्लॉटवर आम्ही घर बांधले आहे. दर्शनी बाजूस कुंपणापर्यंत १५ फूट मोकळी जागा असून तेथे लवकर वाढणारे, उन्हाळ्यात फुलणारे एकच झाड लावायचे आहे. पाण्याची जमिनीखालची टाकीही त्याच बाजूला आहे. रोपवाटिकेत गुलमोहर सुचवला गेला. घरच्यांना मात्र ताम्हण हवा आहे. काय लावावे?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : आपल्या जागेसाठी ताम्हणच योग्य आहे. वाढीच्या वेगात गुलमोहर पुढे असतो, हे मान्य करावे लागेल. चांगल्या जमिनीत पहिली काही वर्षे तो दरवर्षी तीन-चार फूट सहज वाढतो. परंतु मूळचा मादागास्करचा हा वृक्ष उंचीपेक्षा आडवा अधिक पसरतो, आणि पूर्ण वाढल्यावर त्याचा घेर ३०-४० फुटांपर्यंत जात असल्याने १५ फुटांच्या पट्ट्यात त्याच्या फांद्या सतत छाटत राहावे लागेल. त्याहून गंभीर बाब मुळांची आहे. ती जमिनीच्या वरच्या थरात दूरवर पसरतात, फरशी उचलतात आणि टाकीच्या किंवा कुंपणाच्या भिंतीला तडा देऊ शकतात. लाकूड ठिसूळ असल्याने वळवाच्या वादळात फांद्या मोडतात, तर बारीक पर्णिका गच्चीवरच्या पन्हळींत साचून पावसाचे पाणी तुंबते. साताऱ्यात १ मे रोजी गुलमोहर दिवस साजरा होतो, इतके हे झाड लोकांना प्रिय आहे आणि मलाही आहे. पण त्याची जागा मोकळ्या माळावर किंवा रुंद रस्त्याच्या कडेला आहे.

ताम्हण हे आपले राज्यपुष्प. कोकणात ओढ्या-नद्यांच्या काठी ते आपोआप वाढते, म्हणून त्याला ओल मानवते, आणि पहिले दोन-तीन उन्हाळे नियमित पाणी दिल्यास वाढही समाधानकारक होते. लाकूड मजबूत आहे, घेर आटोपशीर राहतो आणि एप्रिल-मे महिन्यांत जांभळ्या फुलांचे तुरे येतात. फुले नव्या फुटीच्या टोकाला येत असल्यामुळे छाटणी हिवाळ्याच्या अखेरीस, नवी पालवी फुटण्यापूर्वी उरकावी. दिवसभर ऊन मिळाले नाही तर मात्र बहर कमी येतो, एवढे जागा ठरवताना पाहावे.

झाड टाकीपासून दूरच्या कोपऱ्यात, घराच्या भिंतीपासून निदान १० फुटांवर घ्यावे. तीन फूट लांब, रुंद व खोल खड्डा मे महिन्यात खणून उन्हात तापू द्यावा, नंतर माती व कुजलेले शेणखत भरून पहिल्या दमदार पावसानंतर रोप लावावे. रोप घेताना पिशवीत मुळांची गुंडाळी झालेली नाही, याची खात्री करावी. निवड आताच विचारपूर्वक केलेली बरी, कारण १९७५ च्या वृक्ष संरक्षण कायद्यानुसार शहरी हद्दीत स्वतःच्या अंगणातील मोठे झाड तोडण्यासही पूर्वपरवानगी घ्यावी लागते.