वाचक विचारतात : सरपंच, सदस्य आणि कायद्याचे प्रश्न

प्रश्न : मॅडम, मी पहिल्यांदाच सरपंच झालेय, जागा महिला राखीव होती. आमचं घर सासऱ्यांनी माझ्या लग्नाच्या आधीच गायरानात (गुरं चरायच्या सरकारी जमिनीत) बांधलेलं आहे, नमुना ८ ला (ग्रामपंचायतीच्या घरपट्टी आकारणीच्या नोंदीत) त्यांचंच नाव आहे. आता विरोधी पॅनलच्या एकाने कलेक्टरकडे अर्ज टाकलाय की मी अतिक्रमणात राहते, मला अपात्र करा. अतिक्रमण मी केलंच नाही, मग माझं पद कसं जाईल?
– एक सरपंच, बीड जिल्हा

उत्तर : ताई, तुम्हाला उगीच धीर देत नाही, मॅटर गंभीर आहे. ग्रामपंचायत अधिनियम १९५८ च्या कलम १४(१)(ज-३) मध्ये सरकारी जमिनीवर किंवा सार्वजनिक मालमत्तेवर अतिक्रमण केलेला माणूस सदस्य राहू शकत नाही असं आहे, आणि "मी नाही, सासऱ्यांनी केलं" हा बचाव २०१८ मध्ये सुप्रीम कोर्टाने मान्य केला नाही. त्या केसमध्येही अतिक्रमण घरच्यांचं होतं, पण सदस्य बाई तिथेच राहत होत्या, म्हणून कोर्ट म्हणालं की अतिक्रमण चालू ठेवणाराही त्यात आला.

पण दुसरी बाजूही बघा. जळगाव जिल्ह्यातल्या विचखेडे गावच्या महिला सरपंचांना अशाच आरोपावरून काढलं होतं, की त्या सासूबरोबर सरकारी जागेतल्या घरात राहतात. त्यांचं म्हणणं होतं की आम्ही नवरा-बायको मुलांना घेऊन वेगळं, भाड्याने राहतो. कलेक्टर, आयुक्त, हायकोर्ट तिन्हीकडे त्या हरल्या, आणि सप्टेंबर २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टाने त्यांना परत खुर्चीवर बसवलं, वर हेही सुनावलं की निवडून आलेल्या, त्यातही खेड्यातल्या बाईला काढायचा विषय इतक्या सहज घ्यायचा नसतो. मला हे वाचून खरंच बरं वाटलं, कारण बाई सरपंच झाली की पहिल्या वर्षातच तिच्यावर अर्ज पडतो हे मी किती वेळा बघितलंय.

म्हणजे तुमच्या केसमध्ये प्रश्न दोनच, जागा खरंच सरकारी आहे का आणि तुम्ही तिथे राहता का. सातबारा आणि गावचा नकाशा काढा, मोजणी झालीय का विचारा. नुसत्या तलाठ्याच्या पंचनाम्यावर गाडी चालली असेल तर मोजणीची मागणी लेखी द्या. घर कधी नियमित करून मिळालं असेल तर ती ऑर्डर शोधा, सासऱ्यांच्या पेटीत असेल. वेगळं राहत असाल तर भाडेकरार, लाईट बिल, रेशनकार्ड सगळं लावा, पण वेगळं राहत नसताना वेगळं राहतो असं दाखवायला कागद बनवू नका, त्याने पद तर जाईलच आणि वर गुन्हा अंगावर येईल. कलेक्टरच्या प्रत्येक तारखेला जा. ऑर्डर विरोधात गेली तर अपिलाची मुदत फक्त १५ दिवस असते, त्यात विभागीय आयुक्तांकडे जायचं, त्यामुळे ऑर्डरची नक्कल त्याच दिवशी मागा.

प्रश्न : मी सदस्य आहे. माझी घरपट्टी दोन वर्षांची थकलीय असं म्हणून तक्रार झालीय. पण मला बिलच कोणी आणून दिलं नाही. पैसे भरायला मी कधीच नाही म्हणालो नाही.
– एक सदस्य, सोलापूर जिल्हा

उत्तर : दादा, नुसती थकबाकी पुरेशी नसते, कायद्यात बिल रीतसर बजावलेलं असावं लागतं आणि तिथून तीन महिन्यांत न भरल्यास अपात्रता येते. त्यामुळे सगळा खेळ त्या बजावणीचा आहे. ग्रामपंचायतीत जाऊन बिल बजावल्याची पोहोच बघा, सही कोणाची आहे ते नीट बघा. माझ्याकडे एक मॅटर होतं, त्यात पोहोचेवर "घरी दिले" एवढंच लिहिलेलं आणि खाली अंगठा, आणि घरात अंगठा लावणारं कोणीच नव्हतं, सगळे सही करणारे! ती एक ओळ पुढे सगळ्या केसला पुरली. नमुना ९ चा (कर मागणीच्या नोंदवहीचा) उतारा आणि त्या पोहोचेची सर्टिफाईड नक्कल माहितीच्या अधिकारात मागा, ३० दिवसांत मिळायला हवी. आणि पट्टी आजच भरून नमुना १० ची पावती घ्या, केस लढायची म्हणून पैसे अडवून ठेवू नका. हे सगळ्याच सदस्यांना सांगते, एप्रिलमध्येच स्वतःहून जाऊन भरून टाका.

प्रश्न : माझ्या मुलाचा जेसीबी आहे. गटारीच्या कामाला सरपंचांनी त्यालाच बोलावलं, बिल त्याच्या नावावर निघालं. मी सदस्य आहे, अडचण येईल का?
– कोल्हापूर जिल्हा

उत्तर : येऊ शकते. पंचायतीच्या कामात सदस्याचा प्रत्यक्ष किंवा अप्रत्यक्ष हितसंबंध असला तर अपात्रता आहे. मुलगा वेगळा, त्याचा धंदा वेगळा, पैसा त्याच्याच खात्यात हे सिद्ध झालं तर बचाव आहे, पण जेसीबीचं कर्ज तुमच्या नावावर असेल किंवा हप्ता तुम्ही भरत असाल तर कठीण. पुढचं काम घेऊ नका.

प्रश्न : माझ्या डिजिटल सहीचा डोंगल कॉम्प्युटर ऑपरेटरकडेच असतो, पासवर्डही त्यालाच माहीत. मिस्टर म्हणतात तुला काय कळतंय. पेमेंट गेल्यावर मला मेसेज येतो. काय करू?
– एक सरपंच, नांदेड जिल्हा

उत्तर : ताई, तुमचं हे वाचून मला रात्री झोप लागली नाही. तो पेनड्राइव्हसारखा डोंगल म्हणजे तुमची सही आहे. वित्त आयोगाच्या निधीचं पेमेंट ग्रामसेवकाने टाकलं की तुमच्या सहीने पुढे जातं, त्यामुळे उद्या न झालेल्या रस्त्याचं बिल निघालं तर चौकशीत पहिलं नाव तुमचं येणार, "मला माहीत नव्हतं" म्हणून सुटका होणार नाही, उलट कर्तव्यात कसूर म्हणून कलम ३९ खाली पदावरून काढण्याची कारवाई होऊ शकते. आणि दुसऱ्याची डिजिटल सही अप्रामाणिकपणे वापरणं हा आयटी कायद्याच्या कलम ६६क (66C) खाली गुन्हा आहे, ३ वर्षांपर्यंत कैद आणि १ लाखापर्यंत दंड, हे मिस्टरांनाही वाचून दाखवा.

उद्याच्या उद्या डोंगल ताब्यात घ्या, तो दिल्याची ऑपरेटरकडून तारखेसह पोहोच घ्या, पासवर्ड बदला. आजवरची पेमेंट यादी ग्रामसेवकाकडून लेखी मागा, ई-ग्रामस्वराज या सरकारी पोर्टलवरही गावाचा खर्च दिसतो. मग एकेक काम गावात जाऊन डोळ्यांनी बघा. एखादं झालंच नसेल तर तेवढंच लिहून बीडीओंना (गटविकास अधिकाऱ्यांना) अर्ज द्या आणि आवक नंबर घेतल्याशिवाय उठू नका. कोरं प्रोसिडिंग (सभेच्या इतिवृत्ताचं पान) सहीला आणलं तर सही करू नका, ठराव आधी वाचून घ्या, वाचता येत नसेल तर मुलीला बसवा शेजारी.