स्लॉट मशीनवरच्या ‘अॅडव्हान्टेज प्लेयर’ लोकांमुळे कॅसिनोचं नुकसान होतं का?

तुम्ही लास वेगासमध्ये पाहिलंत की काही लोक नुसते स्क्रीन बघत फिरतात, मध्येच एखाद्या स्लॉट मशीनवर, म्हणजे कळ दाबली की चित्रं फिरणाऱ्या आणि ती जुळली की पैसे देणाऱ्या जुगाराच्या यंत्रावर बसतात आणि थोड्या वेळात जिंकून उठतात. यांनाच ‘अॅडव्हान्टेज प्लेयर’ म्हणतात: मशीन फायद्यात आलेलं दिसलं तरच खेळणारे. हा पैसा कॅसिनोच्या खिशातून जातो का आणि जात असेल तर कॅसिनो त्यांना आत तरी का घेतं, असं तुम्ही विचारलंय.

मी न्यू जर्सी राज्यातल्या अटलांटिक सिटीच्या एका कॅसिनोत सहा वर्षं स्लॉट विभागाचे हिशेब पाहिले. रोज सकाळी प्रत्येक मशीनचे आकडे माझ्यासमोर यायचे. त्यावरून सांगते: मशीनच्या हिशेबात या लोकांमुळे कॅसिनोचं काहीच जात नाही. जातं ते त्याच मशीनवर आधी खेळून, कंटाळून उठलेल्या माणसाचं.

लिलाव भिशी आठवा. चालवणारा आपलं कमिशन काढून घेतो, मग रक्कम या महिन्यात कुणी उचलली याच्याशी त्याला देणंघेणं नसतं. ‘मस्ट हिट बाय’ प्रकारचं मशीन तसंच असतं. वर एक मीटर चढत असतो आणि खाली लिहिलेलं असतं की जॅकपॉट 500 डॉलरच्या आत फुटणारच. नेमका कुठे फुटायचा तो आकडा मशीनने आधीच गुपचूप निवडून ठेवलेला असतो. हिशेब कळावा म्हणून सोपे आकडे धरते. मीटर 200 पासून सुरू होतो, खेळलेल्या दर 100 डॉलरमागे 1 डॉलर मीटरवर चढतो आणि जॅकपॉट सोडून मशीन 100 पैकी 85 परत देतं. जॅकपॉट सरासरी 350 ला फुटेल, म्हणजे तोवर 15,000 डॉलर खेळले जातील. त्यातले 2,250 मशीनने ठेवले, 350 जॅकपॉटचे गेले, 1,900 कॅसिनोला उरले. आता हे 15,000 एकाने खेळले की चाळीस जणांनी, शेवटची कळ कुणी दाबली, याने त्या 1,900 मध्ये फरक पडत नाही.

फरक पडतो तो खेळणाऱ्यांत. मीटर 490 ला आल्यावर जो बसतो, त्याला सरासरी आणखी 500 डॉलर फिरवावे लागतात. त्यात साधारण 75 जातात आणि हातात 495 च्या आसपास येतात. 200 पासून 490 पर्यंत मीटर चढवणारे मात्र 100 ला 85 च्या भावाने खेळून गेलेले असतात. आपल्याकडे ‘आयत्या बिळात नागोबा’ म्हणतात, ते इथे अक्षरशः खरं आहे. आमच्या वहीतसुद्धा मीटरवर चढलेली रक्कम ‘देणं’ म्हणूनच लिहिलेली असायची. ती खेळणाऱ्यांचीच. कोणत्या खेळणाऱ्याची, एवढंच ठरायचं बाकी.

जॅकपॉट नसलेल्या काही मशीनवरही हे चालतं. ‘ओशन मॅजिक’ नावाच्या खेळात बुडबुडे प्रत्येक फेरीला एक घर वर सरकतात आणि ज्या चित्रावर बुडबुडा येईल ते चित्र कुठल्याही चित्राच्या जागी चालतं. कुणी मध्येच उठलं की बुडबुडे तिथेच राहतात, तेही प्रत्येक बेटच्या, म्हणजे एका फेरीला लावायच्या रकमेसाठी वेगवेगळे. फिरणारा माणूस पैसे न घालता बेटची बटणं दाबत जातो, बुडबुडे चांगल्या जागी दिसले की दोन-चार फेऱ्या खेळतो आणि पुढे जातो. तुम्ही पाहिलेले लोक बहुधा हेच करत असतील. यात बेकायदा काही नाही. मशीनमध्ये उपकरण घालणं, आकडे ओळखायला यंत्र वापरणं हा गुन्हा आहे, पण समोर दिसणारा स्क्रीन वाचणं नाही.

कॅसिनोचा स्वतःचा पैसा जातो तो मशीनबाहेर. खेळताना कॅसिनोने दिलेलं सभासद कार्ड मशीनला लावलं की किती रक्कम फिरवली, म्हणजे ‘कॉइन-इन’, त्याची नोंद होते. त्याला मशीनच्या सरासरी टक्केवारीने गुणलं की ‘थिओ’ निघतो, म्हणजे हा माणूस हिशेबाने किती हरायला हवा. घरी पाठवायचा फ्री प्ले, म्हणजे मशीनवर फुकट खेळायची रक्कम, जेवण, खोली हे सगळं थिओवर ठरतं. पण जो मीटर 490 ला आल्याशिवाय बसतच नाही, तो हरत नाही. तरी त्याचा थिओ इतरांसारखाच मोजला जातो आणि त्याला घरपोच फ्री प्ले जातो. मार्केटिंगवाल्यांना हे उमगायला वेळ लागायचा. उमगलं की त्या कार्डाच्या ऑफर बंद व्हायच्या. कॅसिनो जेव्हा स्वतःहून सवलत देतं तेव्हाच त्याला मोठा फटका बसतो, याचा सगळ्यात गाजलेला दाखला आमच्याच शहरातला आहे, तोही मशीनवरचा नाही. 2010-11 मध्ये डॉन जॉन्सन नावाच्या खेळाडूने ब्लॅकजॅक या पत्त्यांच्या खेळात तीन कॅसिनोंकडून मिळून सुमारे दीड कोटी डॉलर जिंकले. हरलेल्या रकमेवर 20 टक्के सूट आणि नियमांत सवलती त्याने आधीच मागून घेतल्या होत्या आणि मंदीत गिऱ्हाईक हवं म्हणून कॅसिनोंनी त्या दिल्या होत्या.

मग आत का घेतात? नेवाडात, म्हणजे लास वेगास ज्या राज्यात आहे तिथे, नको असलेल्या माणसाला कॅसिनो बाहेर काढू शकतं. न्यू जर्सीत 1982 मध्ये केन अस्टन या ब्लॅकजॅक खेळाडूच्या खटल्यात तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की पत्ते लक्षात ठेवून खेळतो एवढ्यावरून कॅसिनोला परस्पर कुणाला बंदी घालता येणार नाही. पण आमच्याकडे खरं कारण सोपं होतं. पहाटे चारला मशीन रिकामं पडण्यापेक्षा त्यावर कुणी 500 डॉलर फिरवले तर त्यातलेही 75 कॅसिनोकडेच राहतात.

तरीही मी ‘नुकसान नाही’ एवढ्यावर थांबणार नाही. एका मंगळवारी मीटर तपासायला खाली उतरले होते. एक सत्तरीच्या बाई बसने येऊन सकाळपासून एकाच मशीनवर बसलेल्या. पाठीशी घरून आणलेली उशी. मीटर 470 च्या वर गेला तेव्हा त्यांच्याजवळचे पैसे संपले. खुर्चीवर उशी ठेवून त्या एटीएमकडे गेल्या. मागे कॉफीचा कप घेऊन तासभर उभा असलेला तरुण उशी उचलून शेजारच्या खुर्चीवर ठेवून बसला. त्या परत आल्या तेव्हा मीटर 200 वर होता. त्या माणसाला काही बोलल्या नाहीत. मला विचारलं, “मी इतका वेळ खेळत होते, ते सगळं त्याचं झालं का?” मला ‘हो’ म्हणावं लागलं.

पुढे दोन-तीन महिने मी त्यांच्या कार्डाचे आकडे बघत राहिले. तसं बघायचं काही कारण नव्हतं, पण राहवलं नाही. दर मंगळवारची नोंद आधी महिन्यातून एकदा झाली, मग थांबली. त्या मशीनच्या हिशेबात मात्र तेव्हाही सगळं बरोबर जुळत होतं.