'डॉपेल-अ‍ॅनास्टिग्मॅट' हे लेन्सच्या रचनेचे नाव आहे काय?

प्रश्न असा आहे : एका जुन्या लाकडी प्लेट-कॅमेऱ्याच्या पितळी लेन्सवर 'गोएर्झ, बर्लिन' आणि 'डॉपेल-अ‍ॅनास्टिग्मॅट' एवढेच वाचता येते, तर 'टेसार' किंवा 'डागोर' यांप्रमाणे 'अ‍ॅनास्टिग्मॅट' हेही रचनेचे नाव मानावे काय? (उत्तरात 'लेन्स' हा शब्द पूर्ण संचासाठी आणि 'भिंग' हा त्यातील एकेका काचेसाठी वापरला आहे.)

मानू नये. 'अ‍ॅनास्टिग्मॅट' हा शब्द लेन्समधील कोणता दोष काढला आहे एवढेच सांगतो. तो कसा काढला, म्हणजे आत किती भिंगे कशी बसवली आहेत, हे सांगत नाही. ग्रीक 'स्टिग्मा' म्हणजे बिंदू. चौकटीच्या कडेकडील बिंदूची प्रतिमा बिंदू न राहता वेगवेगळ्या अंतरांवर दोन आडव्या-उभ्या रेषांसारखी पडते, त्या दोषाला नकारार्थी 'अ' लावून अ‍ॅस्टिग्मॅटिझम म्हणतात. आणि तो दोषही नाही, हे सांगण्यासाठी पुन्हा 'अन्' लावला आहे. स्वरापूर्वी 'अ'चा 'अन्' होणे आपल्याला 'अनादर', 'अनुत्तीर्ण' या शब्दांमुळे परिचयाचे आहेच.

हा दोष काढणे शक्य झाले ते जर्मनीतील येना येथे १८८४ नंतर तयार होऊ लागलेल्या नव्या प्रकारच्या काचेमुळे. पाउल रुडोल्फ यांनी १८९० मध्ये झाइस या तिथल्याच लेन्स-कंपनीसाठी आखलेली लेन्स केवळ 'अ‍ॅनास्टिग्मॅट' म्हणूनच विकली गेली. पण सामान्य गुणवाचक शब्दावर एकट्याची मालकी टिकणे कठीण असते, इतर निर्मातेही तो सर्रास कोरू लागले, आणि झाइसने पुढे तिला 'प्रोटार' असे स्वतंत्र नाव दिले. त्याआधीचे 'अ‍ॅप्लानॅट' आणि 'रॅपिड रेक्टिलिनिअर' हे शब्दही मुळात असेच गुण सांगणारे आहेत. मात्र १८६६ मध्ये श्टाइनहाइल आणि डॅलमायर या दोन लेन्स-निर्मात्यांनी स्वतंत्रपणे जवळजवळ एकच रचना शोधल्यामुळे, म्हणजे पडद्याच्या (लेन्सच्या मध्यावरील, प्रकाशासाठी छिद्र असलेल्या डायफ्रॅमच्या) दोन्ही बाजूंना चिकटवलेल्या भिंगांची एकेक जोडी ठेवल्यामुळे, ते शब्द रचनेची नावे म्हणूनही रूढ झाले. 'रॅपिड', म्हणजे जलद, हे विशेषण एफ/८ एवढ्या अ‍ॅपर्चरला (पडद्यातील छिद्राला; आकडा जितका लहान, तितके छिद्र मोठे) लावलेले पाहून आज हसू येईल, पण त्या काळच्या निसर्गचित्रणाच्या लेन्सशी तुलना करता ते खोटे नव्हते.

आता 'डॉपेल', म्हणजे दुहेरी. एमिल फोन ह्योग यांनी १८९२ मध्ये गोएर्झसाठी केलेल्या लेन्समध्ये प्रत्येक अर्ध्या भागात तीन भिंगे एकमेकांना चिकटवलेली असून दोन्ही भाग पडद्याभोवती समोरासमोर बसवलेले आहेत. 'डॉपेल-अ‍ॅनास्टिग्मॅट गोएर्झ' यातील अक्षरे जुळवून १९०४ मध्ये तिचे नाव 'डागोर' झाले. खरी अडचण अशी की याच कंपनीने चार सुट्या भिंगांची, मध्ये कोठेही न चिकटवलेली एक वेगळी रचनाही 'डॉपेल-अ‍ॅनास्टिग्मॅट' म्हणूनच विकली, जी नंतर 'सेलोर' झाली. त्यामुळे आपल्या लेन्सवर मालिकेचा क्रमांक पुसट का होईना दिसतो का, ते मोठे करून दाखवणाऱ्या हातकाचेतून पाहावे. तिसरी मालिका असेल तर ती डागोर, आणि पहिलीला 'बी' जोडलेला असेल तर सेलोर. कमाल अ‍ॅपर्चर एफ/६.८ असेल तर डागोरची शक्यता अधिक, कारण सेलोरचे त्याहून मोठे असते.

कोरलेले काहीच वाचता आले नाही तर प्रतिबिंबे मोजावीत, आणि माझ्या मते वाचता आले तरीही मोजावीत. पुढचा आणि मागचा भाग फिरवून सोडवावा आणि अंधाऱ्या खोलीत एकाच लहान दिव्याखाली एकेक भाग तिरपा धरावा. काच आणि हवा जिथे भेटतात अशा प्रत्येक पृष्ठावरून दिव्याचे एक ठळक प्रतिबिंब दिसते. दोन भिंगे चिकटवलेल्या जागेवरून मात्र फार फिकट दिसते. डागोरच्या प्रत्येक भागात दोन ठळक आणि दोन फिकट प्रतिबिंबे असतात, तर सेलोरच्या प्रत्येक भागात चार ठळक असतात आणि फिकट एकही नसते. रॅपिड रेक्टिलिनिअरमध्ये दोन ठळक आणि एक फिकट, म्हणून डागोरशी तिची गल्लत सहज होते. दुसरे फिकट प्रतिबिंब शोधताना घाई करू नये. १८४० च्या पेट्झव्हाल पोर्ट्रेट लेन्समध्ये पुढे दोन ठळक व एक फिकट, पण मागे चार ठळक असा असमतोल असल्याने ती लगेच ओळखू येते. जुन्या लेन्सवर प्रतिबिंबे कमी करणारा आधुनिक लेप नसल्यामुळे हे सारे स्पष्ट दिसते.

प्रश्नात 'टेसार'चाही उल्लेख असल्याने थोडे त्याविषयी. 'टेस्सारेस' हा ग्रीक शब्द, आपल्या 'चत्वारः'चाच सगोत्र, चार भिंगे सुचवतो : पुढे दोन सुटी, मागे चिकटवलेली जोडी. झाइसने हे नाव १९०२ मध्ये नोंदलेल्या रचनेला दिले, आणि पेटंट संपल्यावर श्नायडरची 'झेनार', फोइग्टलेंडरची 'स्कोपार' अशा वेगळ्या नावांनी तीच मांडणी बाजारात आली, त्यामुळे आज 'टेसार प्रकारची' असे म्हणणे निर्दोष आहे. 'एक्टार प्रकारची' असे मात्र म्हणू नये. कोडॅकने 'एक्टार' हे नाव केवळ दर्जाचा शिक्का म्हणून वापरले. १२७ मिमी एफ/४.७ ची एक्टार टेसारच्या मांडणीची आहे, तर २०३ मिमी एफ/७.७ ची एक्टार सेलोरप्रमाणे चार सुट्या भिंगांची आहे.