मदत हवी, पण मिंधेपण नको

प्रश्न : आमच्या मंडळीतर्फे (चर्चतर्फे) दरवर्षी नाताळच्या आधी विडी आणि यंत्रमाग कामगारांच्या कुटुंबांना धान्याच्या पिशव्या वाटल्या जातात. गेल्या वर्षी फोटो काढताना एका विधवा भगिनीने पदर तोंडावर ओढून घेतला, आणि यंदा नाव पुकारूनही ती पुढे आली नाही. तिला गरज आहे हे आम्हांला ठाऊक आहे. आमचे काय चुकले?
– पंच कमिटीचा एक सभासद, सोलापूर

उत्तर : तो पदर माझ्या मनातून जात नाही. दिवसभर मांडीवर सूप घेऊन हजारभर विड्या वळणाऱ्या आणि त्यातल्या काही कारखान्यात खराब म्हणून बाजूला काढल्या गेल्या तरी मुकाट्याने घरी परतणाऱ्या बाईला कष्टाची सवय असते. चारचौघांत हात पसरण्याची नसते. म्हणून सर्वांत आधी फोटो आणि नाव पुकारणे, दोन्ही बंद करा. देणगीदारांना हिशेब हवा असेल, तर दुकानाच्या पावत्या दाखवता येतील.

पिशवीत काय घालायचे, हे कोणी ठरवले? बहुधा कमिटीने. तिच्या घरी रेशनचा तांदूळ असेल आणि खरी अडचण मुलीच्या फीची किंवा थकलेल्या भाड्याची असेल, हे तिला विचारल्याशिवाय कळणार कसे? मार्काच्या शुभवर्तमानात आंधळा बार्तीमय येशूपुढे येतो, तेव्हा त्याची गरज सर्वांना दिसत असते. तरीही मी तुझ्यासाठी काय करावे, असे येशू त्यालाच विचारतो. आपण मात्र हा प्रश्न गाळून थेट वाटपाला लागतो.

शास्त्रातील, म्हणजे बायबलमधील, सरव्याचा नियमही आपल्या भागातील वाचकांना समजावून सांगावा लागू नये, कारण ज्वारीच्या काढणीनंतर सरवा वेचणाऱ्या बाया आपण पाहिल्या आहेत. शेताच्या कडेचे पीक धन्याने कापू नये, गळालेली कणसे उचलू नयेत, ती गरिबासाठी आणि परक्यासाठी राहू द्यावीत, अशी ती आज्ञा आहे. बायबलमधील विधवा रूथ असा सरवा स्वतःच्या हाताने वेचते आणि आपल्या कष्टाचे धान्य सासूकडे नेते. आज याचा अर्थ असा, की जवळच्या किराणा दुकानात ठरावीक रकमेची चिठ्ठी द्यावी किंवा पैसे तिच्या खात्यावर जमा करावेत, म्हणजे काय घ्यायचे ते तीच ठरवील.

आपल्या शहरात ‘सेटलमेंट’ हे नाव अजून रूढ आहे. ज्या जमातींना ब्रिटिश सरकारने गुन्हेगार ठरवले, त्यांना सुधारण्याच्या नावाखाली ‘सेटलमेंट’ म्हणजे तारेच्या कुंपणातील वसाहतीत ठेवून रोज हजेरी घेतली जात असे. 1871 च्या कायद्याने सुरू झालेला हा प्रकार 1952 साली संपला. देशात अशा काही वसाहतींचा कारभार मुक्तिफौजेसारख्या (साल्व्हेशन आर्मी) ख्रिस्ती संस्थांनीही पाहिला. त्यांतील अनेकांचा हेतू चांगला असेल, पण माणसाला न विचारता त्याचे भले करायला निघालेला चांगला हेतू कुठवर जातो, हे सोलापूरच्या मंडळ्यांनी तरी विसरू नये. याउलट पंडिता रमाबाईंनी 1896-97 च्या दुष्काळातून आणलेल्या स्त्रियांच्या हाती केडगावात विणकाम आणि छपाईचे काम दिले. रमाबाईंनी भाषांतरित केलेले बायबल याच स्त्रियांनी छापले.

प्रत्येक वेळी विचारत बसावे, असे मात्र मी म्हणणार नाही. 2025 च्या सप्टेंबरमध्ये सीनेला पूर आला, तेव्हा आधी भाकरी आणि कोरडे कपडे पोचवणे हेच योग्य होते. पुराचे ते दिवस सरल्यावरही तीच रीत चालू राहते, तेव्हा खोट येते. आणि मदतीला उपासनेच्या हजेरीची अट कधीही जोडू नका, उघडपणे नाही आणि आडूनही नाही.

आता त्या भगिनीविषयी. पाळकसाहेबांनी एकट्याने न जाता भगिनी मंडळातील तिच्याच गल्लीतल्या दोघींनी तिच्याकडे जावे, झाल्या प्रकाराबद्दल क्षमा मागावी आणि तिचे ऐकून घ्यावे. तिला संजय गांधी निराधार योजनेचे दरमहा 1,500 रुपये मिळत नसतील, तर उत्पन्नाच्या दाखल्यासाठी तहसील कचेरीत सोबत जावे. मिळत असतील, तर कोणत्या टेबलावर कोणता कागद अडतो हे तिला कमिटीपेक्षा अधिक ठाऊक असणार; तेव्हा इतर बायांना वाट दाखवशील का, असे तिला विचारावे. पुढच्या वाटपाच्या बैठकीत तिला आणि तिच्यासारख्या आणखी दोघी-तिघींना मत देण्याच्या अधिकारासह बसवावे, आणि ती बैठक विड्या कारखान्यात जमा करण्याच्या वेळेला ठेवू नये.